‘त’, ‘च’ आणि ‘आह’ : शब्द मोजायला निघालेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे दोन कागद घेऊन आली. एका कागदावर तिच्या प्रोग्रामचं आउटपुट होतं. दुसऱ्यावर पुढच्या सहा महिन्यांत शिकायच्या सात गोष्टींची यादी होती.

प्रकल्प वरवर पाहता साधा होता. मराठी मजकुराची एक मोठी फाइल वाचायची, कोणता शब्द किती वेळा आला ते मोजायचं आणि सर्वाधिक वेळा आलेले पन्नास शब्द उतरत्या क्रमाने छापायचे. फाइलमध्ये सुमारे दहा लाख शब्द होते. त्यात जुनंनवं गद्य होतं, काही ओव्याही होत्या. तिच्या आउटपुटमध्ये सगळ्यात वर होतं ‘त’. त्याखाली ‘च’, ‘य’, ‘ल’, ‘ह’ अशी सुटी अक्षरं. थोडं खाली पहिला दोन अक्षरी ‘शब्द’ होता: ‘आह’. त्याच्याजवळच ‘आण’.

“मॅडम, डेटा खराब आहे,” ती म्हणाली. “आणि प्रोग्राम फार हळू चालतो. रात्री लावून ठेवला होता. माझी स्किल्सच कमी पडतायत, म्हणून ही यादी केली.”

यादीत मशीन लर्निंग, क्लाउड, दोन वेब फ्रेमवर्क, डॉकर, गिट आणि स्पर्धात्मक प्रोग्रामिंग होतं. प्रत्येकापुढे कोर्सचं नाव आणि लागणारे आठवडे लिहिले होते. अशी यादी मी पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हातात पाहिली आहे आणि तिच्यामागची धडपड खरी असते. म्हणून ती बाजूला सारली नाही. एवढंच विचारलं, “यातलं काय आलं असतं तर हा ‘त’ वर आला नसता?” तिने यादीवरून दोनदा नजर फिरवली. उत्तर सापडलं नाही.

या मुलीचे गुण चांगले होते. डेटा स्ट्रक्चर्समध्ये हॅशटेबलवरचा (पूर्ण यादी न चाळता नोंद थेट शोधून देणारी रचना) दहा गुणांचा प्रश्न तिने पूर्ण सोडवला होता. चेनिंग, ओपन ॲड्रेसिंग, लोड फॅक्टर सगळं व्यवस्थित. थिअरी ऑफ कम्प्युटेशनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनपासून, म्हणजे मजकुरातला नमुना सांगणाऱ्या सूत्रापासून, एनएफए आणि त्यापासून डीएफए ही नमुना ओळखणारी कागदावरची यंत्रं काढण्यात ती वर्गातल्या पहिल्या काही जणांत होती. ऑपरेटिंग सिस्टिममधलं पेजिंग तिला समजावून सांगता येत होतं. म्हणजे ह्या प्रकल्पाला लागणारं जवळजवळ सगळं ज्ञान तिच्याकडे आधीच होतं. ते वेगवेगळ्या वह्यांत होतं, आणि त्या वह्या एकाच वेळी उघडायची वेळ आम्ही तिच्यावर कधी आणलीच नव्हती.

फाइल उघडून बघ

डेटा खराब आहे हे तिला कशावरून कळलं, ते मी विचारलं. आउटपुटवरून, ती म्हणाली. फाइल तिने उघडलीच नव्हती. मोठी फाइल एडिटरमध्ये अडकते म्हणून ती सरळ प्रोग्रामला दिली होती.

आम्ही फाइलच्या पहिल्या वीस ओळी पाहिल्या. मजकूर स्वच्छ होता. ‘आहे’ जागोजागी होतं, ‘आह’ कुठेच नव्हतं. तरी लगेच कोडकडे जायचं नाही असं मी ठरवलं. तिला दोन शब्दांची एक फाइल करायला सांगितली: ‘शिक्षण आहे’. आणि प्रोग्राम चालवायच्या आधी, काय छापलं जाईल ते कागदावर लिहायला सांगितलं. तिने लिहिलं: दोन ओळी, प्रत्येकीपुढे १.

आल्या चार ओळी. ‘श’, ‘क’, ‘षण’, ‘आह’.

ती बराच वेळ त्या चार तुकड्यांकडे बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, “श नंतर वेलांटी आहे, तिथे तुटलं. क चा पाय मोडलाय, तिथे तुटलं. ह वरच्या मात्रेपाशी तुटलं. काना-मात्रा आला की शब्द संपतोय.” डेटा खराब आहे हे वाक्य त्यानंतर पुन्हा आलं नाही.

शब्द वेगळे काढणारी ओळ तिला एका कोड-सहायकाने दिली होती. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या नेहमीच्या रेगेक्स (रेग्युलर एक्स्प्रेशन) मॉड्यूलमधला बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस हा नमुना. ‘शब्दातली अक्षरं, एक किंवा अधिक’ असा त्याचा अर्थ सगळीकडे सांगितला जातो आणि इंग्रजी मजकुरावर तो चोख चालतो. पण त्या मॉड्यूलच्या दृष्टीने ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे युनिकोडने (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने) अक्षर किंवा अंक म्हणून नोंदवलेलं चिन्ह, शिवाय अधोरेखा. वेलांटी, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्ताचं चिन्ह यांची युनिकोडमधली नोंद ‘अक्षर’ अशी नसून ‘खूण’ अशी आहे. त्यामुळे देवनागरी शब्दाचे प्रत्येक खुणेपाशी तुकडे पडतात. ‘घरात’चा ‘घर’ आणि ‘त’ होतो. ‘त्याचा’मधून ‘त’, ‘य’, ‘च’ निघतात. सगळ्यात वर ‘त’ आणि ‘च’ का आले याचं उत्तर मराठीच्या प्रत्ययांत होतं.

इथे मी तिला थिअरी ऑफ कम्प्युटेशनची वही आणायला सांगितली. पहिल्याच पानावर सिग्मा होता, म्हणजे वर्णसंच: शून्य आणि एक. पूर्ण सत्रभर तिने त्या दोन चिन्हांवर यंत्रं काढली होती. फार तर ए आणि बी. प्रत्यक्षातल्या तिच्या प्रोग्रामचा वर्णसंच दीड लाखाच्या आसपास चिन्हांचा होता आणि त्यातली कोणती ‘शब्दातली’ हे तिच्याऐवजी दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं होतं. वहीत पुढे केन थॉम्प्सन यांचं नाव होतं, रेग्युलर एक्स्प्रेशनपासून एनएफए बनवण्याच्या रीतीसाठी. त्यांचा तो लेख १९६८ चा. तेच थॉम्प्सन १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटमध्ये साठवण्याची रीत, घडवणारे, हे तिला ठाऊक नव्हतं. यूटीएफ-८ तिने वेगळ्या विषयात, वेगळ्या वहीत, तीन गुणांची टीप म्हणून लिहून घेतलं होतं. तिच्या फाइलमधलं प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचं का, हे त्या टिपेत होतं. दोन्ही पानं तिने शेजारी ठेवली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला आजही आठवतं.

वेगाचा प्रश्न

हा भाग लवकर उरकला, कारण चूक ओळखीची होती. तिने शब्द आणि त्याची संख्या अशा जोड्या एका लिस्टमध्ये ठेवल्या होत्या. प्रत्येक नव्या शब्दासाठी लिस्ट सुरुवातीपासून चाळायची, सापडला तर संख्या वाढवायची, नाही तर शेवटी जोडायचा. हॅशटेबलवर दहापैकी दहा घेतलेल्या मुलीने हे लिहिलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, “हॅशटेबल वापरा असं प्रश्नात म्हटलं नव्हतं.” हे तिने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. परीक्षेत प्रश्नच सांगतो की कोणतं युनिट उघडायचं. कामात तसं कोणी सांगत नाही.

मी उत्तर सांगितलं नाही, हिशोब मागितला. दहा लाख शब्द, त्यात समजा एक लाख वेगवेगळे. प्रत्येक वेळी पूर्ण लिस्ट चाळावी लागली तर किती तुलना? तिने गुणाकार केला: १०,००० कोटी. पायथनच्या साध्या लूपमध्ये सेकंदाला एक-दोन कोटी तुलना होतात असं धरलं तरी साधारण दीड ते पावणेतीन तास. तेवढ्यात तीच म्हणाली की प्रत्यक्षात आकडा कमी असेल, कारण ‘आहे’सारखे शब्द फाइलच्या सुरुवातीलाच येतात, म्हणून ते लिस्टच्या तोंडाशी असतात आणि लगेच सापडतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मग आम्ही मोजलं. फाइलचा एक तुकडा घेतला, नंतर त्याच्या दुप्पट मजकूर घेतला. “ओ ऑफ एन स्क्वेअर आहे, म्हणजे चौपट वेळ,” असं तिने, वेळ शब्दसंख्येच्या वर्गाने वाढतो या हिशोबाने, आधीच लिहून ठेवलं होतं. वेळ वाढला तिपटीच्या आसपास. इथे बहुतेक विद्यार्थी ‘साधारण बरोबर’ म्हणून पुढे जातात. ती थांबली. चौपट का नाही? मजकूर दुप्पट झाला तरी वेगवेगळे शब्द दुप्पट होत नाहीत. नवे शब्द सापडण्याचा वेग मंदावत जातो. हीप्सचा नियम म्हणतात तो हाच. पुस्तकातला एन इथे दोन वेगळ्या राशींचा होता, एकूण शब्द आणि वेगवेगळे शब्द, आणि त्या दोन्ही एकाच गतीने वाढत नाहीत. ‘चौपट’ हे तिने आधी लिहिलं नसतं, तर तिप्पट पाहून तिला काहीच वाटलं नसतं.

लिस्टच्या जागी डिक्शनरी, म्हणजे पायथनमधलं तयार हॅशटेबल, आली आणि तासांचं काम काही सेकंदांवर आलं. त्यानंतर तिने आणखी दोन-तीन बारीक बदल केले आणि प्रत्येक बदलाने वेळ कमी झाल्याचं आनंदाने सांगितलं. मी तिला काहीही न बदलता तोच प्रोग्राम लागोपाठ दोनदा चालवायला लावला. दुसऱ्या खेपेला वेळ आपोआप कमी आला, कारण पहिल्या वाचनानंतर फाइल ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीत धरून ठेवली होती. अशा धरून ठेवलेल्या साठ्याची, पेज कॅशची, व्याख्या तिला पाठ होती. आपल्या मोजमापात ती मध्ये उभी असते हे तिला त्या दिवशी दिसलं.

शब्द म्हणजे काय

पुढचे तीन आठवडे या एका प्रश्नात गेले. प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथेच आहे.

ह्याच प्रश्नाला संगणकशास्त्रात एक जुना इतिहास आहे. १९८६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकातल्या आपल्या सदरात डोनाल्ड नूथ या नामवंत संगणकशास्त्रज्ञांना हेच काम दिलं: मजकुरातले सर्वाधिक येणारे शब्द छापा. नूथ यांनी पास्कलमध्ये पानंच्या पानं भरणारा, स्पष्टीकरणासह विणलेला सुंदर प्रोग्राम लिहिला आणि त्यासाठी खास डेटा स्ट्रक्चर रचलं. त्यावर समीक्षण करताना डग मॅकिलरॉय यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहा कमांड एकापुढे एक जोडून तेच काम करून दाखवलं. हा किस्सा सहसा साध्या साधनांचं बळ दाखवायला सांगितला जातो. मी तो तिला वेगळ्या कारणासाठी सांगितला. त्या सहापैकी पहिली कमांड म्हणते: ए ते झेड सोडून जे काही आहे ते नव्या ओळीत बदला. शब्द म्हणजे काय, याचा निकाल तिथे एका फटक्यात लागतो, कारण इंग्रजीत तो तसा लावता येतो. आपल्या मजकुराच्या बाबतीत हे काम तिलाच करावं लागणार होतं.

तिने तिचा पहिला उपाय केला. देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा १२८ जागांचा आहे, सोळा-आधारी ०९०० पासून पुढे. त्या पट्ट्यातलं प्रत्येक चिन्ह शब्दातलं, बाहेरचं सगळं शब्दाबाहेरचं, असं तिने ठरवलं. ‘शिक्षण आहे’वर आता बरोबर दोन ओळी आल्या. पूर्ण फाइलवर ‘आहे’, ‘आणि’, ‘या’ वर आले. ती खूश होती, आणि खरं सांगायचं तर मीही क्षणभर समाधान मानलं. यादी मराठीसारखी दिसत होती.

पण ‘दिसते बरोबर’ ही तपासणी नव्हे. मी तिला यादीचा तळ पाहायला सांगितलं, फक्त एकदाच आलेले शब्द. तिथे ओव्यांचे शेवटचे शब्द दोन दांडे आणि अंकांसकट चिकटलेले होते. कारण दंड, दुहेरी दंड आणि देवनागरी अंक त्याच १२८ जागांत आहेत. ते काढणं सोपं होतं. तळापासून जरा वर मात्र तिला ‘दुसर्’ सापडलं. शेवटचं अक्षर पाय मोडलेलं. पुढे ‘तर्’, ‘दर्’, ‘चौथर्’. मराठीत शब्दाच्या शेवटी हलन्त क्वचितच येतो. इथे ते शेकड्यांनी होते.

तिने मूळ फाइलमध्ये ती जागा शोधली. तिथे ‘दुसऱ्या’ होतं, नीट, डोळ्यांना पूर्ण. मग तुटलं कुठे? तिने त्या शब्दाचे कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे युनिकोड क्रमांक, एकेक करून छापले. द, उकार, स, र, हलन्त, मग एक न दिसणारं चिन्ह, मग य, काना. ते न दिसणारं चिन्ह म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, सोळा-आधारी २००डी. पूर्वीच्या अनेक कीबोर्डवर आणि मजकुरांत ‘दुसऱ्या’मधला आडवा अर्धा र या जॉइनरच्या आधाराने लिहिला जाई. जॉइनर देवनागरीच्या पट्ट्यात नाही. म्हणून तिच्या नियमाने शब्द तिथे कापला: ‘दुसर्’ आणि ‘या’.

मी गप्प राहिले. साधारण मिनिटभराने ती म्हणाली, “मॅडम, म्हणजे ‘या’ची संख्याही चुकलीय.”

तिचं बरोबर होतं. ‘दुसऱ्या’, ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘नोकऱ्या’ अशा प्रत्येक तुटलेल्या शब्दाने ‘या’च्या खात्यात एकाची भर घातली होती. ‘तऱ्हा’ने ‘हा’च्या. आणि ‘या’, ‘हा’ हे मुळातच वरच्या क्रमांकाचे शब्द असल्यामुळे यादीकडे पाहून कोणालाही शंका आली नसती. ‘आह’ची चूक ओरडत होती. ही चूक मात्र बरोबर उत्तराच्या आत दडून बसली होती. कित्येक वर्षं शिकवताना मी पाहिलेल्या चुकांत अशाच चुका विद्यार्थ्यांच्या आणि नंतर त्यांनी बांधलेल्या प्रणालींच्या हातून सुटतात. त्या दिवशी मी तिला दुसरं काही शिकवलं नाही. शिकवायची गरजही नव्हती.

तिथून तिने तपासण्या लिहायला सुरुवात केली, आणि त्या पुस्तकातल्यासारख्या ‘दोन अधिक दोन चार’ नव्हत्या. पहिली तपासणी: यादीतला कोणताही शब्द हलन्ताने संपत असेल तर थांब आणि दाखव. दुसरी: कोणताही शब्द काना, मात्रा किंवा वेलांटीने सुरू होत असेल तर थांब. तिसरी: यादीतल्या सर्व शब्दांची बेरीज ही, फक्त मोकळ्या जागांवर तोडून मोजलेल्या संख्येपासून फार दूर असेल तर कारण शोध. तिघींमागे मराठीचं ज्ञान आहे. कोणत्याही कोर्सच्या नोट्समध्ये त्या मिळाल्या नसत्या.

तीन ‘दुसऱ्या’

जॉइनरला शब्दात घेतल्यावर हलन्ताचे तुकडे गेले आणि नवंच पुढे आलं. ‘दुसऱ्या’ यादीत तीन वेळा होतं, तीन वेगळ्या संख्यांसह. पडद्यावर तिन्ही सारखे.

“डिक्शनरीत बग आहे?” तिने विचारलं आणि लगेच स्वतःच मान हलवली. डिक्शनरी कोडपॉइंटची तुलना करते, पडद्यावरच्या आकृतीची नाही. हॅश (कोडपॉइंटवरून काढलेला आकडा) वेगळा आला म्हणजे आतलं काहीतरी वेगळं आहे. हॅशटेबलच्या वहीतलं ज्ञान इथे पहिल्यांदा शोधाचं हत्यार झालं.

तिने तिन्हींची लांबी छापली: सात, आठ, आठ कोडपॉइंट. सातवाल्यात ‘ऱ’ हे एकच चिन्ह होतं, ०९३१. पहिल्या आठवाल्यात साधा र आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं होती. दुसऱ्या आठवाल्यात र, हलन्त आणि जॉइनर. शेवटचे दोन यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी २४ बाइटचे, लांबीने अगदी सारखे, तरी आतून वेगळे.

पहिले दोन एक करणं युनिकोडच्या नियमांतच बसतं. र अधिक नुक्ता आणि एकसंध ऱ हे प्रमाणाच्या दृष्टीने समान आहेत, आणि एनएफसी नावाचं सामान्यीकरण त्यांना एकाच रूपात आणतं. पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. तिने ते वापरलं, तीनाचे दोन झाले. तिसरं राहिलं, कारण एनएफसी जॉइनरला हात लावत नाही.

“मग जॉइनर काढूनच टाकते,” ती म्हणाली. मला पुढे काय होणार ते माहीत होतं. सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की आधी अपेक्षा लिही. तिने लिहिलं: दोनाचा एक होईल.

एक झाला नाही. जॉइनर गेल्याबरोबर उरलेला र आणि हलन्त पुढच्या य च्या डोक्यावर रफार होऊन बसले आणि ‘दुसर्या’ असा प्रमाण मराठीत नसलेला शब्द तयार झाला. ते तिला लगेच दिसलं. पण तिने आता आणखी एक गोष्ट केली, जी दोन महिन्यांपूर्वी केली नसती: जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून कोणकोणत्या शब्दांची संख्या बदलली ते काढलं. त्यात ‘दर्या’ होता. त्याची संख्या वाढली होती.

दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. जॉइनर काढताच फाइलमधल्या काही दऱ्या समुद्रात गेल्या होत्या. आचारी लोकांचा ‘आचाऱ्यांना’ही असाच गुरुजनांच्या ‘आचार्यांना’मध्ये मिसळतो. म्हणजे ते न दिसणारं चिन्ह कचरा नव्हतं, अर्थ वाहत होतं. तिने शेवटी स्वतःचा नियम लिहिला: र, हलन्त, जॉइनर हा क्रम दिसला तर त्याजागी ऱ आणि हलन्त ठेव, इतर ठिकाणचा जॉइनर, जो बहुधा फक्त अक्षराचं रूप ठरवतो, तो काढ. आधी हे, मग एनएफसी. तीनाचा एक झाला. ‘दर्या’ची संख्या पूर्वपदावर आली, आणि ‘दर्या’, ‘दऱ्या’ ही जोडी तिच्या तपासणी-फाइलची पहिली ओळ झाली.

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट तिच्या मूळ यादीत होतं आणि ते ह्या काळात आपोआप आलं. सुरुवातीला तिच्या प्रकल्पात ‘फायनल’ नावाचा एकच कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, होता. मग प्रत्येक नियमासाठी वेगळा कमिट आणि संदेशात ‘काय अपेक्षित होतं, काय आलं’. एकदा दांडे पुन्हा शब्दांना चिकटायला लागले, तेव्हा तिने इतिहास मधोमध तोडत कोणत्या बदलाने हे झालं ते काढलं. चौसष्ट कमिट असले तरी सहा तपासण्यांत दोषी सापडतो. बायनरी सर्च तिने पहिल्या वर्षीच शिकला होता.

माझ्या बाजूने

या प्रकरणात माझी आणि माझ्या सहकाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे, आणि ती लिहिल्याशिवाय हा अभ्यास अपुरा राहील. तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही तिला दिलेली प्रत्येक फाइल धुऊन-पुसून दिलेली होती. इनपुट कसं असेल ते प्रश्नातच सांगितलेलं, बहुधा इंग्रजीत, बहुधा आकडे. उत्तर तपासताना आम्ही शेवटचं आउटपुट पाहिलं, तिथवरची वाट कधी मागितली नाही. चुकीचं पण शोभणारं उत्तर आणि बरोबर उत्तर यांना आमच्याकडे सारखेच गुण मिळाले असते. ‘या’ची फुगलेली संख्या घेऊन तिने प्रकल्प दिला असता तर मी पूर्ण गुण दिले असते, हे मला खात्रीने माहीत आहे.

कौशल्य कमी आहे असं वाटलं की विद्यार्थी नवा विषय शोधतात आणि आपणही त्यांना नवा विषय सुचवतो. तिच्या सात ओळींच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी पुढे तिला लागतील, त्यात वावगं काही नाही. पण ह्या दोन महिन्यांत तिने नवीन असं फार थोडं शिकलं. सामान्यीकरणाचं एक फंक्शन, युनिकोडमधले चिन्हांचे वर्ग, गिटच्या काही कमांड. बाकी सगळं जुनंच होतं. बदलली ती एक सवय. चालवण्याआधी लिहायचं, चालवल्यावर जुळवायचं, आणि जुळलं नाही तर त्या फटीत उतरायचं. तंत्र म्हणून हे इतकं साधं आहे की त्याला अभ्यासक्रमात जागा मिळत नाही. मी आता प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘अपेक्षा’ नावाचा रकाना घातला आहे; तो प्रोग्राम चालवण्याआधी शाईने भरायचा आणि नंतर खोडायचा नाही. अपेक्षा चुकली म्हणून गुण कापत नाही. रकाना रिकामा असेल तर कापते.

प्रकल्प जमा केल्याच्या आठवड्यात तिने विचारलं होतं, “‘घर’ आणि ‘घरात’ एकच शब्द मोजायचा का?” तेव्हा वेळ संपला होता. तो प्रश्न तिने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी घेतला: प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढायचा. पहिल्या भेटीला ती आली तेव्हा कोडची एकही ओळ नव्हती. हाताने लिहिलेली दोनशे शब्दांची यादी होती, प्रत्येकापुढे तिला अपेक्षित असलेला मूळ शब्द. ‘घरात’पुढे घर, ‘हातात’पुढे हात, ‘भारतात’पुढे भारत. ‘वरात’पुढे मात्र तिने आधी ‘वर’ लिहिलं होतं, मग त्यावर रेघ मारून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. ‘बरसात’पुढेही तसंच.

“हे नियमाने सुटणार नाहीत, मॅडम,” ती म्हणाली. “असे किती आहेत ते आधी मोजायचंय.”